जुन्या मोटारसायकलसाठी मेकॅनिक शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मोटारसायकल बाळगणारी माणसं भेटली की गप्पा इंजिनावरून सुरू होतात आणि मेकॅनिकवर येऊन अडकतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: जुन्या गाडीला एकच चांगला मेकॅनिक क्वचित पुरतो. तिला तीन-चार कारागीर लागतात आणि त्यांच्यातला धागा मालकालाच धरून ठेवावा लागतो.

१. माझी गाडी पंधरा वर्षांची आहे. ती ‘जुनी’ धरायची का?

वय बघू नका, तिचे पार्ट अजून बनतात का आणि तिचं इंजिन खोललेली माणसं आहेत का ते बघा. होंडाची सुपर कब १९५८ मध्ये आली, पण त्याच घाटाची आडवी छोटी इंजिनं इतकी वर्षं इतक्या गाड्यांत बसली की तिच्यासाठी मेकॅनिक शोधावा लागत नाही. उलट थोडीच विकली गेलेली आणि लवकर बंद पडलेली दहा वर्षांची गाडी खऱ्या अर्थाने अनाथ असते. तिच्यासाठी या पानावरचं सगळं लागू आहे.

२. कंपनीचं सर्व्हिस सेंटर माझी गाडी आत घ्यायलाच तयार नाही. हे बरोबर आहे का?

राग येतो, पण त्यांच्या बाजूने बघा. तिथली मुलं चालू मॉडेलवर शिकलेली असतात आणि प्रत्येक कामाला वेळ ठरलेला असतो. गंजलेला एक बोल्ट तुटला की तो सगळा हिशेब कोसळतो. पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या स्विचची) फट लावणं किंवा कार्ब्युरेटरचा फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बघणं त्यातल्या अनेकांनी कधी केलेलंच नसतं. अशा ठिकाणी कुणी नाइलाजाने गाडी घेतलीच, तर ते जास्त महागात पडतं. तिथल्या पार्टच्या काउंटरवर मात्र जरूर जा (प्रश्न ८).

३. मग मेकॅनिक शोधायचा कुठे?

उलट्या दिशेने शोधा. गॅरेज शोधत हिंडण्याआधी सिलिंडर बोअर करणाऱ्याकडे (झिजलेला सिलिंडर आतून किंचित मोठा कापून देणाऱ्याकडे) जा, लेथवाल्याकडे जा, जुने पार्ट विकणाऱ्याच्या काउंटरवर उभे राहा आणि विचारा, ‘या मॉडेलचं काम तुमच्याकडे कोण घेऊन येतं?’ या लोकांना सगळ्या मेकॅनिकांची खरी लायकी माहीत असते. कुणाचा सिलिंडर सहा महिन्यांत परत येतो, कोण पिस्टनशिवाय बोअर करायला सांगतो, कोण स्वतः मायक्रोमीटर लावून तपासून नेतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ते कुणाची निंदा करणार नाहीत. पण एखादं नाव घेतल्यावर गप्प बसले, तर तेही उत्तरच आहे.

दुसरी वाट रस्त्यावर सापडते. तुमच्याच मॉडेलची गाडी कुणी एका-दोन किकमध्ये सुरू करताना दिसला तर त्याला थांबवा. जुन्या गाडीचे मालक या विषयावर बोलायला कधीच नाही म्हणत नाहीत, उलट त्यांना आवरावं लागतं.

तिसरी वाट मालकांच्या मंडळांची. ब्रिटनमधला व्हिंटेज मोटारसायकल क्लब १९४६ पासून चालू आहे आणि जगभर एकेका ब्रँडची अशी मंडळं आहेत. गाडी दुसऱ्या देशात बनलेली असली तरी तिथल्या मंडळाकडून मॅन्युअल, पार्टच्या याद्या आणि अमुक इंजिनाची हमखास दुखणी समजतात. कंपनीतून निवृत्त झालेले मेकॅनिकही विसरू नका. ते गाड्या घ्यायचे थांबलेले असतात, पण संध्याकाळी इंजिनाचा आवाज ऐकायला येतात.

४. त्याला काम येतं की नाही हे पहिल्या भेटीत कसं ओळखायचं?

दुकान कळकट आहे म्हणून मागे फिरू नका. तिथे उभ्या असलेल्या गाड्यांचे स्क्रू बघा. जपानी गाड्यांच्या इंजिनावरचे चौफुलीचे जुने स्क्रू जेआयएस (जपानी प्रमाण) मापाचे असतात. बऱ्याचशांच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्यात साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घातला की तो वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. साइड कव्हरचे सगळे स्क्रू खाल्लेले दिसले, तर आतही तसाच हात फिरलेला असणार.

मग तो काय विचारतो ते ऐका. गाडी किती दिवस उभी होती? गरम झाल्यावर बंद पडते की थंड असताना सुरूच होत नाही? शेवटचं काम कधी आणि काय झालं? जाणकार आधी प्लग काढून त्याचा रंग बघतो, ठिणगी बघतो, पेट्रोल येतंय का बघतो. ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत आलं तर सावध व्हा. हवा कुठून खेचली जातेय ते न तपासता थेट जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं छिद्र) बदलणाराही तसलाच.

खोललेल्या इंजिनाचे सुटे भाग कसे ठेवलेत? वेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून, की सगळे एकाच तसराळ्यात? उघड्या क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडावर फडकं आहे का? फट मोजायचं फीलर गेज हाताशी आहे का?

आणि सगळ्यांत चांगली खूण म्हणजे ‘एवढं मला जमत नाही, ते अमक्याकडून करून घेऊ’ असं तो स्वतःहून म्हणतो. असा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा. तरीही पहिलं काम लहान द्या: कार्ब्युरेटर साफ करणं, पॉइंट, एखादी केबल. इंजिन नंतर.

५. फोनवर नेमकं काय सांगायचं?

मॉडेल, साल, इंजिन आणि चॅसीचे नंबर, आणि काय होतंय ते. निदान मात्र तुम्ही करू नका. ‘कार्ब्युरेटर खराब आहे’ म्हणण्यापेक्षा ‘अर्ध्या रेसच्या वर मिसिंग मारते, चोक ओढला की सुधारते’ हे दहापट उपयोगी. आवाजाचा छोटा व्हिडिओ पाठवा. सतरा अक्षरांचा चॅसी नंबर १९८१ च्या सुमारास रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, म्हणून नंबर आहे तसा, टिंब-रेघेसकट उतरवा.

६. गाडी कित्येक वर्षं उभी आहे. न्यायच्या आधी एकदा किक मारून बघू का?

नको. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर जोराच्या किकमध्ये त्या तुटू शकतात आणि सिलिंडरवर कायमचे चरे उठतात. प्लग काढून आत थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, आतून गंज धरतो आणि जुनी रबरं फुगतात. ऑइलची टाकी वेगळी असलेल्या ब्रिटिश गाड्यांत उभ्या-उभ्या ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये साचतं. ते खालून काढल्याशिवाय किक मारली तर सीलमधून बाहेर येतं. एवढं करूनही गाडी ओढत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. ब्रेकचा भरवसा नसतो (प्रश्न १०).

७. सगळं काम एकाच छपराखाली होणार नाही का?

क्वचितच. गॅरेजवाला इंजिन खोलतो आणि बांधतो. सिलिंडर बोअरिंगवाला करतो, क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) दाबून उघडणं आणि पुन्हा सरळ बसवणं प्रेस आणि डायल गेज असलेल्याचं काम. मॅग्नेटची कॉइल गुंडाळणारा वेगळा, ॲल्युमिनियम वेल्ड करणारा वेगळा, स्पोक घालून चाकाचा आउट काढणारा आणखी वेगळा. मेकॅनिक हे सगळं बाहेरून करून आणतो. फक्त ते काम कुणाकडे जातं, हे तुम्हाला माहीत हवं.

यात क्रम चुकला की फसगत होते. पिस्टन आधी हातात, मग बोअर. बोअरिंगवाल्याने तो पिस्टन मोजून त्याच्या मापाने सिलिंडर काढायचा असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते आणि दोन कंपन्यांचे एकाच साइझचे पिस्टन हुबेहूब सारखे नसतात. मी हे एकदा उलटं केलं. सिलिंडर ०.७५ मिलिमीटर मोठ्या साइझला काढून घेतला आणि मग त्या साइझचा पिस्टन शोधायला निघालो. तो मिळायला आठ महिने लागले. तोवर इंजिन पलंगाखाली होतं आणि घरातले बोलणं विसरले नाहीत.

८. मेकॅनिक म्हणतो पार्टच मिळत नाहीत. खरंच?

काही खरंच मिळत नाहीत. पण ‘मिळत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘माझ्या नेहमीच्या दुकानात नाही’ एवढाच असतो. पार्टचे तीन ढीग करा.

पहिला ढीग मोटारसायकलचा नसतोच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७ आणि रुंदीला १४ मिलिमीटर, मग ते पाण्याच्या मोटरीत असो की गिअरबॉक्समध्ये. तेवढं एक बघा की नंबरापुढे सी३ असेल तर नवंही सी३च हवं. ती आतल्या सैलपणाची खूण आहे. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. चेन ४२८ असेल तर तिची पिच (दोन पिनांमधलं अंतर) अर्धा इंच, ५२० किंवा ५३० असेल तर पाच अष्टमांश. हे सगळं बेअरिंगच्या आणि चेनच्या दुकानात मिळतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांची इंची मापाची बेअरिंग हा अपवाद.

दुसरा ढीग कंपनीचा, पण दुसऱ्या मॉडेलमध्येही लागणारा. इथे पार्ट नंबर कामाला येतो. होंडाच्या जुन्या नंबरांत पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि मधले तीन तो मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला ते. मधले ३०० म्हणजे १९६९ ची सीबी ७५०. नंबर रद्द होऊन त्या जागी नवा आलेला असू शकतो, म्हणून काउंटरवर ‘या नंबराऐवजी काय आलं?’ हे मुद्दाम विचारा. प्लगचा नंबर उतरवतानाही जपून. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये नेमकं उलट.

तिसरा ढीग खरा दुर्मिळ. बुश लेथवर निघतं, पॅकिंग कापता येतं, केबल मापाने बनते. गिअरचे दात मात्र सहसा वापरलेल्या इंजिनातूनच मिळवावे लागतात.

९. जुना वापरलेला ओरिजिनल पार्ट घ्यावा की नवा डुप्लिकेट?

रबर, सील, ब्रेक शू, केबल नवंच घ्या. न वापरलेलं रबरही कपाटात वाळतं, त्यामुळे ‘जुन्या स्टॉकचं पॅकबंद’ ऐकून हुरळू नका. कार्ब्युरेटर, गिअर, कॅम आणि कास्टिंग असेल तर थोडा झिजलेला ओरिजिनल बहुधा बरा. डुप्लिकेट कार्ब्युरेटर दिसायला तंतोतंत असतो, पण आतल्या छिद्रांचं माप जुळत नाही आणि मेकॅनिक बिचारा ट्यूनिंग करून थकतो.

१०. इंजिन ठणठणीत आहे, तरी तो टायर आणि ब्रेक बदलायला सांगतोय. उगाच खर्च ना?

नाही. टायरच्या बाहेरच्या बाजूला तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असली तरी काढा. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

११. कामाचा नक्की आकडा कुणीच का सांगत नाही?

कारण आत काय निघेल ते त्यालाही माहीत नसतं. आकड्याऐवजी टप्पे मागा. आधी खोलून मोजणं, मग तुमच्यासमोर यादी, मग हो किंवा नाही. खोलल्यानंतर काम नको म्हणालात तरी खोलण्याची मजुरी द्यावी लागते, ती रास्त आहे. बाहेरची कामं (प्रश्न ७) वेगळी लिहून घ्या. मुदतीचंही तसंच. गाडी महिनोन्महिने पडून राहते ती बहुतेक वेळा एखाद्या पार्टसाठी, तेव्हा ‘कधी देणार’ म्हणण्यापेक्षा ‘कशासाठी अडलंय’ विचारा आणि तो पार्ट स्वतः शोधायला लागा.

१२. काढलेले जुने पार्ट परत मागितले तर त्याला राग येईल?

कामाला द्यायच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे नाही येणार. झिजलेला पार्ट हा पुढच्या मापाचा नमुना असतो. नंबर कोरलेली क्रँककेस तर कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाही. कागदपत्रांची गाठ त्या नंबराशी असते.

१३. टू-स्ट्रोकला वेगळा मेकॅनिक लागतो का? त्यात तर काही नसतंच म्हणतात.

‘काही नसतं’ म्हणणाऱ्याकडे टू-स्ट्रोक देऊ नका. व्हॉल्व्ह नसतात हे खरं, पण क्रँककेस हवाबंद असावी लागते आणि ते काम दोन्ही टोकांची सील करतात. उभ्या गाडीत ही सील कडक होतात. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून धुराचा लोट निघतो. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत खेचली जाते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), रेस आपोआप चढते आणि एक दिवस भर वेगात पिस्टन जाम होतो. पिस्टन बदलून दिला, सील तशीच ठेवली, की महिन्याभरात पुन्हा तेच. इंजिन बंदिस्त करून हवेचा हलका दाब देऊन गळती तपासता का, हे मेकॅनिकला विचारा. ज्याला हा प्रश्न कळला, त्याला टू-स्ट्रोक कळतं.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमधलंच पाळा. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ५०:१ म्हणजे २०. ‘थोडं जास्त घातलं तर बरं’ हे तितकंसं खरं नाही. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं.

१४. ब्रिटिश गाडी आहे. पानेच बसत नाहीत असं मेकॅनिक म्हणतो.

बरोबर म्हणतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांचे बरेच आटे व्हिटवर्थ घराण्याचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) होते: कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. पान्यावर लिहिलेलं मापही बोल्टच्या जाडीचं असतं, नटाच्या डोक्याचं नाही. मेट्रिक पाना दाबून बसवला की नट गोल होतो आणि मेट्रिक बोल्ट ठोकून घातला की आटे जातात. पाने स्वतः विकत घेऊन मेकॅनिकला द्या, लाजू नका.

आणखी दोन गोष्टी चिठ्ठी करून टाकीवर चिकटवा. एक, यातल्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असतं. सवयीने निगेटिव्ह जोडलं की रेक्टिफायर जातो. दोन, १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असे. चाचणीसाठी गाडी नेणाऱ्या पोराला हे सांगितलं नाही, तर पहिल्याच वळणावर तो ब्रेक समजून गिअर दाबेल. जावाच्या जुन्या गाड्यांत तर किक आणि गिअर एकाच दांड्यात असतात, तेही दाखवून द्या.

१५. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव असं सांगतात. बसवू का?

मेकॅनिकला पॉइंट जमत नाहीत म्हणून सुचवत असेल, तर नको. फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, ती मॅन्युअल बघून लावायची. कंडेन्सर बदलला की निम्म्या तक्रारी मिटतात. कॅमच झिजला असेल आणि फट टिकतच नसेल, तर बसवा. मात्र ६ व्होल्टच्या गाडीला तो सेट चालतो का आणि प्रश्न १४ मधली उलटी बॅटरी त्याला सोसते का, हे आधी विचारा. काढलेली पॉइंटची प्लेट जपून ठेवा. रस्त्यात इलेक्ट्रॉनिक सेट मेला तर पानं-पकड घेऊन काहीच करता येत नाही.

१६. कारचं ऑइल चालतं का?

क्लच ऑइलमध्येच बुडालेला असेल तर जपून. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेल्या ऑइलने क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं याची जपानी खूण) लिहिलेलं बघा. गिअरबॉक्स आणि इंजिन वेगळं असलेल्या जुन्या गाड्यांना हा नियम तसा लागू होत नाही, तिथे मॅन्युअल.

१७. आसपास कुणीच नाही. आता?

गाडी पाठवू नका, इंजिन पाठवा. तेही नको असेल तर नुसता क्रँक आणि सिलिंडर. चाकं, वायरिंग, ब्रेक कुणीही चांगला फिटर करू शकतो. पाठवण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो, ऑइल पूर्ण काढलेलं, कार्ब्युरेटरचं तोंड बंद आणि आत सविस्तर चिठ्ठी.

१८. एकाने इंजिन खोलून अर्धवट सोडलं. दुसरा हात लावत नाही.

दुसऱ्याचं खोललेलं इंजिन म्हणजे वायसर किती होते हेसुद्धा माहीत नसलेलं कोडं. पार्टांच्या यादीतली आकृती मिळवा, पोत्यातला एकेक भाग तिच्याशी ताडून काय आहे आणि काय नाही ते लिहा, आणि तो कागद घेऊन जा. पोतं घेऊन गेलात तर नकार, यादी घेऊन गेलात तर निदान चहा तरी मिळतो. पहिल्या मेकॅनिकबद्दल तक्रारी करत बसू नका. ऐकणाऱ्याला त्यात पुढची तक्रार स्वतःची दिसते.

१९. जुनी आहे, पण फ्युएल इंजेक्शनची. तिचं कोण करेल?

हा अवघड कोपरा. कावासाकीने १९८० मध्येच झेड १००० ला इंजेक्शन लावलं होतं. या गाड्यांच्या कंट्रोल बॉक्समधले कपॅसिटर वयाने जातात आणि ते काम सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं आहे. पंपाचा दाब आणि वायरिंगचे जोड आधी तपासा, बॉक्सवर संशय शेवटी. १९७४ ते १९७६ मध्ये बनलेली सुझुकीची रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेली) आरई५ असेल, तर थेट तिच्या मालकांना गाठा. साधा मेकॅनिक पिस्टन शोधत बसेल.

२०. माझा मेकॅनिक म्हातारा झालाय, दुकान बंद करतोय. काय करू?

जायच्या आधी त्याच्याबरोबर दोन दुपारी बसा. तुमच्या गाडीत कुठल्या नंबरचे जेट आहेत, सुई कुठल्या खाचेवर, बोअर कुठल्या साइझवर, कुठला बोल्ट त्याने आटे पाडून मोठा केलाय, कुठलं बेअरिंग दुसऱ्या गाडीचं बसवलंय, हे सगळं लिहून घ्या. बोअर शेवटच्या साइझवर (जपानी गाड्यांत बहुधा १.०० मिलिमीटर) पोचला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी) घालावी लागेल, ती कोण घालतो ते विचारा. तुमच्या मॉडेलचा मॅग्नेट पुलर आणि क्लच धरायचा साचा त्याने स्वतः बनवलेला असतो. तो विकत मागा. फुकट देऊ लागला तरी पैसे द्या. आणि त्याच्या हाताखालचा पोरगा आता कुठे काम करतो, तेही विचारून ठेवा.